बियाण्यावरील बुरशी आणि शीत प्लाझ्मा

गेल्या नोव्हेंबर महिन्यात गव्हाच्या पेरण्या आटोपत आल्या असताना सोलापूर जिल्ह्यातील एका गावी जाण्याचा योग आला. ज्यांच्याकडे जावयाचे होते ते शेतकरी रानात गेले होते. घरासमोरच्या अंगणात एका जुन्या लुगड्यावर आठ-दहा किलो गहू उन्हात पसरलेला होता आणि घरातील वृद्ध आजी त्यावर हात फिरवीत बसल्या होत्या. गव्हाचा रंग नेहमीचा नव्हता. दाण्याच्या खाचेत कोठे कोठे फिकट लाल छटा दिसत होती. चौकशी करता असे कळले की, पेरणीसाठी आणलेल्या प्रमाणित बियाण्याच्या थैलीतील हा उरलेला गहू होय. आजींनी तो तीन पाण्यांनी धुतला होता व दुसऱ्या दिवशी तो दळणास जावयाचा होता.

“आजी, याला औषध चोळलेलं आहे. हा गहू खायचा नसतो.”

“औषध व्हतं, पन धुतलं की म्या. बघा, रंग ऱ्हायलाय का कुठं? एवढा सोन्यासारखा गहू उकिरड्यावर टाकू व्हय?”

आजींचे हे बोलणे अडाणीपणाचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. ज्या घराने दुष्काळाची वर्षे पाहिली आहेत, त्या घरात पायलीभर धान्य फेकण्याचे पाप सहसा कोणी पत्करीत नाही. डोळ्यांना दिसणारा रंग गेला म्हणजे औषध गेले, हा तर्कही वरवर पाहता सरळ आहे. बऱ्याच बोलण्यानंतर तो गहू विहिरीपासून दूर, बांधाच्या कडेला खड्डा घेऊन पुरला. आजींच्या मनास ते पटले असे मात्र म्हणता येणार नाही.

खड्डा घेण्यास त्यांचा महाविद्यालयात शिकणारा नातू बरोबर होता. त्याने मोबाइलवर काही पाहिले होते. “साहेब, परदेशात आता औषध न लावता विजेच्या प्लाझ्मानं बियाण्यावरची बुरशी मारतात म्हणे. मग आपल्याकडं ते का नाही?” त्या वेळी त्यास दोन वाक्यांत उत्तर दिले. ते अपुरे होते. ग्रामपातळीवरील आपल्या कार्यकर्त्यांनाही हा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणार, म्हणून तो येथे सविस्तर घेतला आहे.

रंग धुतला तरी विष राहते

आजींसारखाच तर्क एकदा एका संबंध देशाने केला होता. इराकमध्ये दुष्काळानंतर १९७१ च्या शरदात सरकारने परदेशातून गहू व जव यांचे बियाणे मोठ्या प्रमाणावर मागविले. बुरशी लागू नये म्हणून या बियाण्यास मेथिल पारा या संयुगाची प्रक्रिया केलेली होती आणि ते ओळखू यावे म्हणून लाल रंग दिलेला होता. पोत्यांवर इशारा छापलेला होता, परंतु तो स्पॅनिश व इंग्रजी भाषांत. अनेक ठिकाणी बियाणे पोहोचले ते पेरणी उरकल्यानंतर. घरात धान्य नाही आणि दारात गव्हाची पोती उभी, अशी ती स्थिती होती. लोकांनी गहू धुतला. लाल रंग पाण्याबरोबर निघून गेला. कित्येकांनी तो आधी कोंबड्यांना घालून पाहिला. कोंबड्या लगेच मेल्या नाहीत, तेव्हा माणसांनी त्याच्या भाकऱ्या केल्या. या विषाची लक्षणे दिसण्यास कित्येक आठवडे लागतात, हे त्यांना कोण सांगणार? हातापायांना मुंग्या, मग तोल जाणे, दृष्टी जाणे, असा तो क्रम होता. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली.

आपल्याकडेही एके काळी पारायुक्त भुकट्या बियाण्यास चोळण्याची शिफारस होती. आज त्या बंद झाल्या आहेत. सध्याची थायरम, कार्बोक्सिन यांसारखी औषधे पाऱ्याच्या जातीची नाहीत व त्यांची तुलना इराकच्या गव्हाशी करणे अन्यायाचे होईल. तरीही ती पोटात जाण्यासाठी नाहीत, आणि दाण्यास चिकटून राहावीत अशाच बेताने ती बनविलेली असतात. तीन पाण्यांनी ती पुरती निघतील हा भरवसा धरू नये. बियाणे नियम, १९६८ प्रमाणे प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या थैलीवर ‘खाण्यासाठी, जनावरांच्या खाद्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये’ अशा अर्थाची सूचना असावी लागते. परंतु थैली फोडल्यावर ती सूचना थैलीबरोबरच जाते व उरलेले बियाणे घरात एखाद्या डब्यात राहते.

म्हणूनच, बुरशी मारील परंतु दाण्यावर मागे काही ठेवणार नाही अशा उपायाचा शोध अनेक देशांत चालू आहे. शीत प्लाझ्मा हा त्यांपैकी एक होय.

शीत प्लाझ्मा म्हणजे काय

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था शाळेत शिकविल्या जातात. वायूस पुरेशी ऊर्जा दिली म्हणजे त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्भारित कणांचा एक चकाकणारा समुच्चय तयार होतो. पदार्थाची ही चौथी अवस्था. तिला १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी प्लाझ्मा हे नाव दिले. (रक्तातील प्लाझ्माशी तिचा काही संबंध नाही, हा खुलासा करावा लागतो, कारण गावात तो प्रश्न हमखास येतो.) आकाशातील वीज हा प्लाझ्माच आहे व वेल्डिंग करताना निघणारी झगझगीत ज्योत हाही प्लाझ्माच. परंतु हे दोन्ही तप्त प्लाझ्मा होत. त्यात बियाणे धरले तर राखच हाती येईल.

आता घरातील नळीचा दिवा, म्हणजे ट्यूबलाइट, पाहा. त्याच्या आतही प्लाझ्माच चमकत असतो, तरी काचेस हात लावला असता भाजत नाही. आतील इलेक्ट्रॉन अतिशय वेगवान असतात, परंतु ते इतके हलके असतात की, त्यांच्या धडकेने वायूचे जड कण फारसे तापत नाहीत. अशा प्लाझ्मास ‘शीत’ म्हणतात. शीत म्हणजे बर्फासारखा थंड नव्हे. हातास कोमट लागेल इतपत असा त्याचा अर्थ घ्यावा.

बियाण्यासाठी जी यंत्रे प्रयोगशाळांत वापरतात त्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात बंद भांड्यातील हवा पंपाने काढून घेऊन विरळ वायूत प्लाझ्मा निर्माण करतात. दुसऱ्यात हवा काढण्याची गरज नसते. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये काच किंवा चिनी माती यांसारखा वीज अडविणारा पडदा ठेवून पट्ट्यांना काही हजार व्होल्टची, वेगाने उलटसुलट होणारी वीज देतात. पडद्यामुळे मोठी ठिणगी पडत नाही. तिच्याऐवजी असंख्य बारीक ठिणग्यांची जांभळट चादर पसरते. ही युक्ती नवी नाही. जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्स यांनी ओझोन वायू तयार करण्यासाठी ती १८५७ सालीच वापरली होती.

या जांभळट चादरीत साध्या हवेचेच रूपांतर होते. हवेतील प्राणवायू, नत्र आणि बाष्प यांपासून ओझोन, सुटा प्राणवायू, नत्राची ऑक्साइडे यांसारखे अतिशय क्रियाशील कण बनतात आणि थोडे अतिनील किरणही निघतात. हे कण बुरशीच्या बीजाणूच्या भिंतीवर तुटून पडतात, आतील पातळ पटल फोडतात आणि बीजाणूतील द्रव्य बाहेर झिरपू लागते. वीज बंद करताच बहुतेक कण क्षणार्धात नाहीसे होतात. ओझोन थोडा रेंगाळतो आणि त्याचाही पुढे प्राणवायूच होतो. दाण्याच्या सालीवर किंचित रासायनिक फरक राहतो, परंतु चोळलेल्या भुकटीसारखे औषध म्हणता येईल असे काही तेथे उरत नाही. आजींच्या अंगणातला प्रश्न अशा बियाण्याच्या बाबतीत उद्‌भवणार नाही. या पद्धतीचे सर्वांत मोठे आकर्षण हेच आहे, आणि ते खरे आहे.

प्रयोगांत काय आढळले

तुर्कस्तानातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गहू, जव, मका, हरभरा, सोयाबीन, मसूर इत्यादी धान्ये व कडधान्ये यांच्या बियाण्यावर ॲस्परजिलस व पेनिसिलियम या साठवणीतील बुरशी मुद्दाम लावल्या आणि विरळ वायूतील शीत प्लाझ्माने त्यांवर प्रक्रिया केली. १५ मिनिटांत बुरशीचे प्रमाण हजारास एक इतके खाली आले आणि बियाण्याची उगवण टिकून राहिली. हजारास एक म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. एखाद्या दाण्यावर एक लाख बीजाणू असतील तर शंभर शिल्लक राहतात. बियाणे मुळात थोडे मलीन असेल तर हे पुरेसे आहे. काळ्या भुकटीने माखलेले असेल तर नाही. शिवाय हा आकडा साध्या हवेचा नव्हे, तर सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूचा आहे. पृथ्वीचे तापमान वाढविण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक हजार पट प्रभावी आहे. बुरशीपायी तो गावोगाव वापरावा असे कोणी सुचविणार नाही.

म्हणून स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे झालेले प्रयोग आपल्या दृष्टीने अधिक उपयोगाचे वाटतात. तेथे नेहमीच्या दाबाच्या साध्या हवेतच प्लाझ्मा निर्माण केला गेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गव्हावरील कामात असे दिसले की, प्रक्रियेचा काळ वाढवावा तसतसे दाण्यावरील जंतू कमी होतात. परंतु सर्व बुरशी सारख्याच प्रमाणात मरत नाहीत. फ्युजेरियम वर्गातील बुरशी लवकर नमल्या. ॲस्परजिलस मात्र चिवट ठरली. दमट कोठारात आपल्या भुईमुगावर व मक्यावर हिरवट-पिवळी वाढणारी ती हीच ॲस्परजिलस, हे येथे लक्षात ठेवावे.

वेळेचे प्रमाण चुकवूनही चालत नाही. थोडा काळ प्रक्रिया केली असता रोपे अधिक जोमदार आली असे अनेक ठिकाणी आढळले आहे. इस्राएलमध्ये २०१२ साली मसूर, घेवडा व गहू यांवर केलेल्या प्रयोगात प्लाझ्मा दिलेल्या दाण्यावर पाण्याचा थेंब गोळा होऊन न राहता पसरतो, म्हणजे साल पाणी लवकर धरते, असे दिसून आले. परंतु हाच काळ फार वाढविला तर गर्भास इजा होऊन उगवण घटते. बुरशी पुरती मरण्याचा काळ आणि बियाणे बिघडू लागण्याचा काळ यांत प्रत्येक पिकाला, किंबहुना प्रत्येक जातीला किती अंतर आहे, हे वेगवेगळे तपासावे लागते. प्रयोगशाळांचे पुष्कळसे काम आज येथेच चालले आहे.

आणखी एक गोष्ट. बुरशी मेली म्हणजे तिने आधी सोडलेले विष गेले असे नाही. ॲस्परजिलसचे अफलाटॉक्सिन हे विष किती भयंकर असते, हे १९७४ साली गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा भागांत दिसले. तेथे बुरशी आलेला मका खाऊन ३९७ जणांना कावीळ झाल्याची नोंद आहे. त्यांपैकी १०६ मरण पावले. तुर्कस्तानातील त्याच गटाने कठीण कवचाची फळे व भुईमूग यांवर हवेचा प्लाझ्मा २० मिनिटे देऊन पाहिला, तेव्हा हे विष निम्म्यावर आले. निम्मे राहिलेच. तेव्हा बुरसलेले धान्य प्लाझ्माने खाण्याजोगे होते असा समज कोणी करून घेऊ नये.

बुरशी अंगावर की पोटात

प्लाझ्माची मर्यादा ध्यानात येण्यासाठी बुरशी राहते कोठे, हे आधी पाहिले पाहिजे. कोणत्याही बीजप्रक्रियेचा, जुन्या काय अन् नव्या काय, हाच पाया आहे. दुर्दैवाने गावात औषधाचे नाव आणि ग्रॅम एवढेच पोहोचते. हे कारण पोहोचत नाही.

ज्वारीचेच उदाहरण घेऊ. ज्वारीस चार प्रकारच्या काणी येतात. दाणे काणीत दाण्याच्या जागी राखट पापुद्र्याच्या पुटकुळ्या येतात व मळणीत त्या फुटून काळी भुकटी चांगल्या दाण्यांच्या अंगावर बसते. मोकळ्या काणीत कणसातच पापुद्रा फाटतो, तरी तिची भुकटीही बियाण्याच्या अंगावरूनच पुढच्या हंगामात जाते. झिपऱ्या काणीत सबंध कणसाची काळी झिपरी होते. तिचे बीजाणू मुख्यतः जमिनीत राहतात. लांब काणीचे बीजाणू वाऱ्याने येऊन थेट फुलोऱ्यावर पडतात. म्हणजे चारपैकी पहिल्या दोनच काणी बियाण्याच्या अंगावर असतात. गंधक चोळून दाणे काणी आटोक्यात येते आणि झिपरी येत नाही, याचे कारण गंधक भेसळीचे असते असे नव्हे. जमिनीतून किंवा वाऱ्याने येणाऱ्या काणीपुढे बियाण्यावरील कोणताही वरवरचा उपाय थिटा पडणार. प्लाझ्माही त्यास अपवाद नाही.

गव्हाची मोकळी काणी याहून फसवी असते. आपल्याकडे ती उत्तर भारताइतकी नसली तरी तिचे वर्तन समजून घेण्याजोगे आहे. गहू फुलोऱ्यात असताना बीजाणू फुलात शिरतो आणि नवा दाणा तयार होत असतानाच बुरशी त्याच्या गर्भात जाऊन झोपी जाते. दाणा टपोरा, निरोगी दिसतो. तो पेरला म्हणजे बुरशी रोपाबरोबर वाढते आणि ओंबी बाहेर पडते ती काळी भुकटी होऊनच. प्लाझ्माचे कण सालीच्या अगदी वरच्या थरापलीकडे फारसे जात नाहीत. गर्भातील बुरशीस त्यांची वार्ताही लागत नाही.

तेथपर्यंत जाते ती उष्णता. डेन्मार्कमधील येन्सन यांनी १८८० नंतरच्या दशकात गरम पाण्याची प्रक्रिया शोधली : बियाणे काही तास साध्या पाण्यात भिजवून बुरशी जागी करावयाची व मग सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे ठेवून ती मारावयाची. एक-दोन अंश चुकले तरी एक तर बुरशी वाचते किंवा बियाणे मरते, त्यामुळे शेतकऱ्याच्या चुलीवर ही रीत कधी रुळली नाही. पंजाबातील लुथ्रा व सत्तार यांनी १९३४ साली तिला फार सुंदर देशी वळण दिले. मे-जूनमधील कडक उन्हाच्या दिवशी सकाळी चार तास गहू पाण्यात भिजवावा आणि दुपारी उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवावा. चूल नको, उष्णतामापक नको. पुढे १९६६ साली कार्बोक्सिन हे रोपात भिनणारे औषध पुढे आले आणि गर्भातील बुरशीपर्यंत पोहोचणारे रसायनही हाती आले. प्रस्तुत लेखकाच्या मते, प्लाझ्माच्या आजच्या गाजावाजात लुथ्रा-सत्तार यांच्या उन्हाचा विसर पडू नये.

औषधाचा एक गुण प्लाझ्मात नाही, तोही सांगणे भाग आहे. थायरम चोळलेला दाणा जमिनीत पडला म्हणजे त्याच्याभोवतीच्या ओल्या मातीतही औषधाचे थोडे कवच तयार होते आणि मातीतील बुरशी काही दिवस दूर राहतात. प्लाझ्मा दिलेला दाणा स्वच्छ असतो, परंतु उघडा असतो. उलट त्यास ट्रायकोडर्मा किंवा जिवाणू संवर्धक लावावयाचे असल्यास, त्यांना मारणारे औषध दाण्यावर नसते, ही जमेची बाजू आहे. कडधान्यांच्या बाबतीत तिचा उपयोग होण्याजोगा आहे.

यंत्र गावात केव्हा येणार

प्लाझ्मास प्रत्येक दाण्याची प्रत्येक बाजू दिसली पाहिजे. दाणे ढिगात असतील तर वरचे खालच्यांना झाकतात. गव्हाच्या खाचेतील बीजाणूही सुरक्षित राहतात. म्हणून दाणे एका थरात पसरून सतत फिरवावे लागतात. प्रयोगशाळेतील मूठभर बियाण्यास हे सोपे आहे. हेक्टरी १०० किलो गहू धरला तर २०० हेक्टर गव्हाच्या गावास २०० क्विंटल बियाणे पंधरवड्यात तयार करावे लागेल. ज्वारीस हेक्टरी १० किलो पुरते, टोमॅटोस तर ग्रॅमच मोजावे लागतात. म्हणून हे तंत्र आले तर आधी भाजीपाल्याच्या महाग बियाण्यास व बीजप्रक्रिया केंद्रांत येईल, घरच्या गव्हास शेवटी, असा आमचा अंदाज आहे.

मोठ्या प्रमाणावर असे काही होऊच शकत नाही असे मात्र नाही. जर्मनीत ड्रेस्डेन येथील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या एका चुलत पद्धतीत कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत वरून पडणाऱ्या धान्यावर सोडतात. ती पद्धत तेथे तृणधान्यांच्या बियाण्यास व्यापारी प्रमाणावर वापरली गेली आहे. तीही सालीपुरतीच काम करते. आपल्या देशात गांधीनगरजवळ भाट येथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तांदळासारख्या अन्नपदार्थांवर शीत प्लाझ्माचे प्रयोग झालेले आहेत. म्हणजे विद्या परकी राहिलेली नाही. शेतावरची शिफारस होण्यास मात्र पिकवार, जातवार आणि हंगामवार चाचण्यांची पायरी ओलांडावी लागते.

दरम्यान कोणी ‘प्लाझ्मा केलेले’ म्हणून चढ्या भावाने बियाणे विकावयास आले तर तीन गोष्टी विचाराव्यात : उगवणीचा दाखला, कोणत्या रोगासाठी प्रक्रिया केली आहे ते, आणि प्रक्रियेनंतर बियाणे किती दिवस व कसे साठविले ते. स्वच्छ केलेला दाणा दमट पोत्यात गेला की पुन्हा बुरसतो. आणि एक सूचना उत्साही तरुणांसाठी. उपरोक्त नातवास मोटारसायकलच्या कॉइलवर घरीच प्रयोग करण्याची ऊर्मी आली होती. हजारो व्होल्टची वीज आणि बंद खोलीतील ओझोन ही दोन्ही जीवघेणी आहेत. हा प्रयोग घरी करावयाचा नव्हे.

तूर्त काय करावे

ज्वारीच्या बियाण्यास ३०० मेश गंधकाची भुकटी किलोस ४ ग्रॅम चोळावी. हेक्टरी १० किलो बियाण्यास अवघे ४० ग्रॅम गंधक लागते. प्लाझ्माचे कोणतेही यंत्र इतक्या स्वस्तात दाणे काणी थोपवील असे नजीकच्या काळात तरी दिसत नाही. गव्हास थायरम किलोस ३ ग्रॅम, किंवा मोकळी काणी दिसलेल्या शेतातील बियाणे नाइलाजाने वापरावे लागत असेल तर कार्बोक्सिन असलेले मिश्रण लेबलावरील मात्रेने. शक्य तर अशा शेतातील बियाणे धरूच नये. रसायन नको असेल तेथे ट्रायकोडर्मा आहे. औषध आणि जिवाणू संवर्धक दोन्ही लावावयाचे तर औषध आधी, संवर्धक अगदी शेवटी, आणि बियाणे सावलीत सुकवावे. चोळण्यासाठी झाकणाचे डबडे किंवा फिरता पिंप घ्यावा, हातमोजे घालावेत व ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

बियाणे बुरसण्याचे मूळ साठवणीत असते. गहू व ज्वारीत १२ टक्क्यांहून आणि भुईमुगाच्या शेंगांत ९ टक्क्यांहून अधिक ओल राहू देऊ नये. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. गव्हाचे ८५ आणि ज्वारीचे ७५ दाणे उगवावेत, हे प्रमाणित बियाण्याचे किमान मान आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दारोदार सांगावी. घरच्या बियाण्यास औषध चोळताना त्या दिवशी जेवढे पेरावयाचे तेवढेच मोजून घ्यावे व तेवढ्यासच चोळावे. विकतचे प्रक्रिया केलेले बियाणे उरलेच तर त्याच दिवशी पेरणी चालू असलेल्या शेजाऱ्यास द्यावे. नाही तर मूळ थैलीत, मूळ सूचनेसह, धान्यापासून दूर कुलपात ठेवावे. डब्यात ओतू नये. धुऊ तर मुळीच नये. धुतलेले बियाणे ना खाण्याचे राहते, ना भरवशाने पेरण्याचे. पाणी पिऊन फुगलेला तो दाणा पुन्हा वाळविला की त्याच्या उगवणीची खात्री राहत नाही. आजींचा गहू शेजाऱ्यास देता आला नाही तो याच कारणाने.

सप्टेंबरात रब्बी ज्वारीच्या पेरणीआधी त्याच घरी पुन्हा गेलो होतो. बियाणे घरचे होते. नातवाने गोणपाट उलगडून दाखविले. शंभरपैकी ९१ दाण्यांना मोड आले होते. दाण्यांवर काळी भुकटी आहे का, हे पाहण्यासाठी त्याने मूठभर ज्वारी पांढऱ्या कागदावर घासली, तेव्हा कागदावर राखट डाग उमटला. एक हेक्टरचे रान. १० किलो ज्वारी मापून वेगळी काढली आणि वाण्याच्या तराजूवर तोललेले ४० ग्रॅम गंधक तिला चोळले. आजी उंबऱ्यात बसून पाहत होत्या. चोळून झाल्यावर त्यांनी पिंपात वाकून पाहिले आणि विचारले, “समदं पेरनार ना रं? मागं काय उरायचं न्हाई ना?”